मोठा सेनाधिकारी ओळखायचा कसा? सोलापूरच्या परिसरातून एक उत्तर

आपण विचारले आहे की, इतिहासातील सेनाधिकाऱ्यांपैकी कोणाचे नेतृत्व खरोखर मोठे होते हे कशावरून ठरवावे, आणि सर्वांच्या पुढे राहून लढणारा अधिकारी श्रेष्ठ मानावा की मागे राहून डावपेच आखणारा. लष्कराच्या निवडीसाठी मुलाखतीची तयारी करत असल्याचेही आपण लिहिले आहे. मी सोलापुरात महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो. सैन्यात कधी नव्हतो, त्यामुळे माझे म्हणणे जुनी पत्रे आणि वृत्तांत वाचणाऱ्याचे आहे असे समजूनच ते वाचावे.

पुढे की मागे, या मोजपट्टीने फारसे काही हाती लागत नाही. पुढे राहणारे जिंकले तसे हरलेही, आणि मागे राहणाऱ्यांचीही तीच गत आहे. मी लावतो ती कसोटी निराळी आहे: अधिकारी जिथे स्वतः हजर नसतो, तिथे त्याची माणसे कशी वागतात? तो दूरच्या छावणीत असेल, जखमी होऊन बाजूला पडला असेल, मारला गेला असेल किंवा नुसताच रात्री आपल्या तंबूत झोपला असेल, अशा वेळी शिपाई काय करतो, त्यावरून अधिकाऱ्याने आधीच्या महिन्यांत काय केले होते ते कळते. शौर्य तर शिपायाकडेही असते, आणि ते नसलेला अधिकारी या चर्चेत धरायचेच कारण नाही.

मराठ्यांच्या इतिहासातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ सरनोबत प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशी विजापूरचा सरदार बहलोलखान याच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. उमराणीच्या लढाईनंतर बहलोलखानाला सोडून दिल्याबद्दल शिवाजी महाराजांनी त्यांना बोल लावला होता आणि तो त्यांच्या जिव्हारी लागला होता, हे सर्वश्रुत आहे. हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावाही. तथापि सेनापतीचे काम म्हणून पाहिले तर ते धाडस चुकीचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. विलक्षण गोष्ट त्यानंतरची आहे. सरसेनापती पडला तरी घोडदळ विस्कटले नाही. आनंदरावांनी ते सावरले, मोहीम पुढे चालू ठेवली, आणि लवकरच हंबीरराव मोहिते सरनोबत झाले. याउलट १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर दुपारपर्यंत मराठे अनेक ठिकाणी वरचढ होते. विश्वासराव गोळी लागून पडले, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. रिकामी अंबारी दिसताच भाऊ गेले असे समजून फळी फुटली. भाऊ पळाले नव्हते, ते लढत राहिले आणि तिथेच पडले. म्हणजे वैयक्तिक शौर्यात प्रतापराव आणि भाऊ यांच्यात उणे-अधिक करण्यासारखे काही नाही. फरक असा की, १६७४ च्या सैन्यात दुसरा आणि तिसरा माणूस आपले काम जाणून होता, तर १७६१ च्या सैन्यात लाखभर माणसांच्या धीराचा आधार एका हत्तीवरची एक आकृती होती. इब्राहिमखान गारद्यासारखा कसलेला अधिकारी तिथे होता, परंतु त्याची तोफा आणि कवायती पायदळाची पद्धत आणि बाकीच्या सरदारांची पद्धत यांचा मेळच घातला गेला नव्हता.

१६७४ च्या सैन्यात हे कसे आले, याचे उत्तर मला एका पत्रात सापडते. ते १६७३-७४ च्या सुमाराचे, चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणी करून राहिलेल्या घोडदळाला महाराजांनी पाठवलेले पत्र आहे. ते सरनोबताला उद्देशून नाही. जुमलेदार, हवालदार आणि कारकून अशा खालच्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. त्यात लढाईचा एक शब्द नाही. दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरली पाहिजे, आत्ताच उधळमाधळ केलीत तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे ते सांगते. मग तुमची माणसे खेड्यांत शिरतील, कोणी कुणब्याचे धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. आणि त्या कुणब्यांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे तर पत्र आगीपर्यंत जाते. कोणी गवताशेजारी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवून झोपेल, उंदीर ती पेटती वात ओढून नेईल, गंजी जळेल आणि मग वैरणीअभावी सारी पागा जाईल.

राज्य चालवणारा माणूस उंदराने पळवलेल्या वातीपर्यंत विचार करतो, याचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला त्यातले वेगळे काही महत्त्वाचे वाटते. महाराज त्या छावणीत नव्हते आणि असणारही नव्हते. आपल्या गैरहजेरीत नेमके काय बिघडू शकते, ते त्यांनी जुमलेदाराच्या डोळ्यांसमोर उभे केले, आणि प्रत्येक गोष्टीचे कारण दिले. नुसता हुकूम असता तर जुमलेदाराने तो चार दिवस पाळला असता. कारण कळल्यावर पत्रात न लिहिलेल्या प्रसंगीही त्याला काय करावे हे ठरवता येते. शिवाय तुम्हाला रोख पैसा दिलेला आहे, लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, असेही पत्रात बजावलेले आहे. उपाशी ठेवलेल्या शिपायाला रयतेच्या वाटेला जाऊ नको म्हणणे हा ढोंगीपणा असतो, आणि तो येथे नाही.

धाकाने हेच साधत नाही का, असे आपण विचाराल. काही काळ साधते. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरी आहे. १६९५ पासून चार-एक वर्षे औरंगजेबाची छावणी तिथे होती आणि बादशहा तिथून दख्खनची मोहीम चालवत होता. त्याच काळात संताजी घोरपडे यांनी नोव्हेंबर १६९५ मध्ये कर्नाटकात दोड्डेरी येथे मोगल सरदार कासिमखानाच्या फौजेला कोंडून तिची उपासमार केली. कासिमखान तिथेच मेला. दोनच महिन्यांनी त्यांनी हिंमतखानालाही मारले. वेग, गनिमी काव्याची नेमकी आखणी आणि शत्रूच्या हालचालींची बित्तंबातमी या बाबतींत त्या पिढीत त्यांच्या तोडीचा सेनानी मला दिसत नाही. पण त्यांची शिस्त भयंकर कडक होती. क्षुल्लक अपराधासाठी माणसाला हत्तीच्या पायी देत असत, असे मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. शत्रुपक्षाचा लेखक म्हणून त्यातले थोडे कमी धरले, तरी पुढचे काय झाले ते तर स्पष्ट आहे. धनाजी जाधवांशी वैर विकोपाला गेले तेव्हा संताजींचे लोक त्यांना सोडून धनाजींकडे जाऊ लागले, आणि १६९७ मध्ये मोगलांना धडकी भरवणारा हा सेनापती जवळजवळ एकटा असताना मारला गेला. एवढा मोठा माणूस असा जावा याचे वाईट वाटते, म्हणून विद्यार्थ्यांना हा भाग शिकवताना मी नेहमी थोडा अडखळत असे.

शिस्त कडक असावी पण तिचा बोजा कोणावर पडावा, हे पाहायचे असेल तर दुसऱ्या महायुद्धातील ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे वळावे. ब्रिटिश सेनानी जनरल विल्यम स्लिम हे पूर्वी गुरखा पलटणीत होते. १९४२ मध्ये जपान्यांपुढे माघार घेताना ते तिथल्या सैन्याचे कोअर कमांडर होते, आणि १९४३ च्या अखेरीस चौदाव्या आर्मीचे प्रमुख झाले. त्या आर्मीतील बहुसंख्य सैनिक भारतीय होते. स्लिम यांनी नोंदवून ठेवले आहे की, १९४३ साली जखमी म्हणून मागे पाठवलेल्या दर एका सैनिकामागे आजारी म्हणून पाठवलेले १२० होते. शत्रू जपानी होता, पण सैन्य संपवत होता तो हिवताप. त्यावर मेपाक्रिन नावाची गोळी होती. ती घेतल्याने पुरुषत्व जाते अशी अफवा होती, आणि रात्री झोपडीत कोणी गोळी गिळली की थुंकली ते कोण बघणार? स्लिम यांनी शिपायांना शिक्षा करण्याचा मार्ग धरला नाही. एखाद्या पलटणीत अचानक तपासणी करून प्रत्येक माणसाच्या शरीरात औषध आहे का ते पाहायचे, आणि शंभरांत पंचाण्णवांपेक्षा कमी जणांत आढळले तर पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरला काढून टाकायचे, असा नियम त्यांनी केला. तीनच अधिकाऱ्यांना काढावे लागले. बाकीच्यांना काय समजायचे ते समजले. १९४५ पर्यंत आजाराचे प्रमाण दिवसाला हजारी एकावर आले.

मुलाखतीत कोणी आपल्याला उत्तरदायित्व म्हणजे काय असे विचारले, तर व्याख्या सांगत बसण्यापेक्षा ही गोष्ट सांगावी. गोळी शिपायाने टाळली, पण दोष अधिकाऱ्याचा धरला गेला, आणि त्यामुळे प्रत्येक कर्नल, कॅप्टन आणि सुभेदार संध्याकाळी स्वतः उभा राहून गोळ्या गिळवून घेऊ लागला. इम्फाळ आणि कोहिमा येथील १९४४ च्या विजयाचे वर्णन करताना रणगाडे आणि विमानांनी टाकलेली रसद यांचा उल्लेख होतो, तो योग्यच आहे. परंतु तापाने फणफणलेल्या सैन्याने ती लढाई लढता आली नसती.

आता सोलापूरकडे येतो. येथे सिद्धेश्वर तलावालगतच्या भुईकोट किल्ल्यावर फिरायला येणाऱ्यांना तिथे १८१८ मध्ये काय घडले याची फारशी कल्पना नसते. त्या वर्षी २० फेब्रुवारीला याच जिल्ह्यातील आष्टीजवळ जनरल स्मिथच्या घोडदळाने दुसऱ्या बाजीरावांना गाठले. सेनापती बापू गोखले यांनी थोड्या स्वारांनिशी इंग्रजांवर हल्ला चढवला, त्यात स्मिथच्या डोक्यावर तलवारीचा वार बसला. बापू तिथेच पडले, पेशवे निसटले, आणि त्यांच्या ताब्यातील साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. त्यानंतर पेशव्यांच्या बाजूला सर्व सरदार ज्याचा शब्द मानतील असा माणूसच उरला नाही. बाजीरावांनी पळताना अडचण नको म्हणून पायदळ आणि तोफा सोलापूरला सोडल्या होत्या. त्यांचे प्रमुख गणपतराव पानसे होते. पानसे घराणे पिढ्यान्‌पिढ्या पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार होते.

त्यांच्यावर चालून आला तो इंग्रजांचा टॉमस मनरो. हा सैन्यात अधिकारी म्हणून आला, पण त्याची बहुतेक वर्षे महसुलाच्या कामात, रयतवारीची, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याच्या पद्धतीची, घडी बसवण्यात गेली होती. या युद्धात धारवाडकडे त्याच्या हाती नियमित फौज अगदी थोडी होती. त्याने स्थानिक शिबंदी, म्हणजे तात्पुरते शिपाई, भरती केली, प्रत्येक महालात आपले अमलदार पाठवून वसुलाला सुरुवात केली, आणि गावकऱ्यांना पेशव्यांच्या ठाण्यांविरुद्ध आपल्या बाजूला वळवत किल्ले घेत तो वर सरकला. बेळगाव एप्रिलमध्ये पडले. १० मे १८१८ रोजी त्याने सोलापूरच्या पेठेवर हल्ला केला. पानसे तोफा घेऊन किल्ल्याबाहेर आले आणि लढले. ते स्वतः जखमी झाले आणि त्यांचा दुय्यम तोफेच्या गोळ्याने ठार झाला. त्या संध्याकाळी त्यांच्या फौजेने टोळ्याटोळ्यांनी निघून जायला सुरुवात केली. इंग्रजांच्या जनरल प्रिट्झलरच्या घोडदळाने सीना नदीपर्यंत पाठलाग करून त्यांची दाणादाण उडवली. मेच्या मध्यात किल्लाही शरण गेला आणि ३ जूनला स्वतः बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाले.

पानशांना भित्रे म्हणता येणार नाही. तोफा सोडून ते आत बसू शकले असते, तसे त्यांनी केले नाही. परंतु अधिकारी जखमी होताच फौज का विरघळली? ती कोणासाठी लढत होती, हेच तिला उमगत नव्हते. ज्या धन्याने तिला ओझे म्हणून टाकून दिले, तो कुठे आहे हेही तिला ठाऊक नव्हते. सेनाधिकाऱ्याच्या नेतृत्वाला वरूनही आधार लागतो, ही गोष्ट मुलाखतीच्या मार्गदर्शक पुस्तकांत सहसा नसते. बापू गोखले आणि पानसे यांच्यावर टीका करताना मी म्हणूनच हात आखडता घेतो. सगळा भार त्यांच्यावर टाकून वरचा माणूस निघून गेला होता. आणि मनरोचे कौतुक परक्याचे कौतुक आहे हे मला कळते. पण ज्याने आपल्याला हरवले त्याने काय केले ते न पाहता इतिहास वाचण्यात काय अर्थ आहे?

१८०३ च्या असईच्या लढाईचा उल्लेख येथे ओघाने येतो. महादजी शिंदे यांनी द बॉयन या युरोपीय अधिकाऱ्याकडून कवायती कंपू (पलटणी) उभे करून घेतले होते आणि १७९० मध्ये पाटण व मेडता येथे त्यांनी राजपुतान्यात मोठे विजय मिळवले. महादजींचे वारस दौलतराव यांच्या काळात इंग्रजांशी युद्ध जुंपताच या कंपूंतील अनेक युरोपीय अधिकारी नोकरी सोडून गेले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईवर मराठी गोलंदाज तोफांजवळ कापले जाईपर्यंत हटले नाहीत. काहींनी मेल्याचे सोंग घेऊन, पुढे गेलेल्या इंग्रजांवर पाठीमागून तोफा डागल्या. आर्थर वेलस्लीच्या सैन्यातील दीड हजारांहून अधिक माणसे त्या दिवशी मारली गेली किंवा जखमी झाली. शिपाई उत्कृष्ट होता, परंतु मधली फळी पगारी आणि परकी होती, आणि दौलतराव तर लढाई रंगात असतानाच निघून गेले होते.

शेवटचे उदाहरण सोलापुरातील वयस्कर माणसे अजूनही बोलतात असे आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांचे सैन्य सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाले. तेव्हा नळदुर्ग निजामाच्या हद्दीत होते, म्हणजे आज एसटीने तासाभरात जाता येते ते अंतर परराज्याचे होते. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्यापूर्वीच तो ताब्यात आला, नळदुर्गला पहिली झुंज झाली, मग उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद. १८ सप्टेंबरला हैदराबादचे सेनापती एल एद्रूस चौधुरींना शरण आले. एद्रूस अनुभवी अधिकारी होते, पण कासिम रझवीचे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची खासगी सशस्त्र माणसे, त्यांच्या हुकमतीत नव्हते. ज्या सशस्त्र माणसांवर सेनापतीचा ताबा नाही ती त्याला युद्धात उपयोगी पडत नाहीत, उलट बदनाम तेवढी करतात.

चौधुरींच्या बाजूने ही मोहीम वेगाची आणि नियोजनाची उत्तम होती, आणि येथे थांबलो तर उत्तर गोड होईल. पण त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि आसपास मुसलमान वस्त्यांवर भीषण हल्ले झाले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने हजारो माणसे मारली गेल्याचे नोंदवले, आणि काही ठिकाणी लष्करातील व पोलिसांतील माणसांचाही लुटीत व इतर गुन्ह्यांत सहभाग होता असे लिहिले. त्याच समितीने खुद्द चौधुरींना जातीय पूर्वग्रह नसलेला, कडक शिस्तीचा आणि सभ्य गृहस्थ म्हटले आहे. ही दोन वाक्ये एकाच अहवालात आहेत, हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. सेनापती स्वतः चांगला होता. तो चांगुलपणा एखाद्या दूरच्या गावात उतरलेल्या दहा जणांच्या तुकडीपर्यंत पोहोचला नाही, आणि त्या गावापुरते सैन्याचे नेतृत्व त्या तुकडीच्या नायकाकडे होते. चिपळूणच्या पत्रातील जुमलेदार तो हाच.

त्यामुळे आपल्याला कोणाचा अभ्यास करावा असे विचाराल, तर सुरुवात नेपोलियन किंवा रोमेलपासून करू नये असे मी सुचवीन. चिपळूणच्या छावणीचे पत्र मूळ मोडीवरून उतरवलेल्या भाषेत वाचावे. पहिल्या वाचनात जड जाते, दुसऱ्यांदा सोपे वाटते. त्यानंतर स्लिम यांचे हिवतापाविषयीचे लेखन पाहावे. १८१८ चा सोलापूरचा वृत्तांत जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. तो इंग्रजांच्या बाजूने लिहिलेला आहे हे लक्षात ठेवून, पानशांच्या फौजेने त्या संध्याकाळी काय करायला हवे होते आणि ते तिला कोणी सांगायला हवे होते, याचे उत्तर स्वतः लिहून पाहावे. मुलाखतीत गटाला एखादी अडचण देऊन सोडवायला सांगतात, त्याची ही चांगली तयारी होईल. लिहिलेले येथे टाकलेत तर मी जरूर वाचेन.